प्रेरणा सगळीकडे असते, रविवार नसतो

लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, गाणी करणाऱ्या कुठल्याही पोराला किंवा पोरीला तीन सल्ले हमखास मिळतात. डोळे उघडे ठेव, रोजच्या जगण्यातच विषय असतात. प्रवास कर, जग बघ. आणि चांगली पुस्तकं, चित्रं, संगीत यांच्या संगतीत राहा. तिन्ही सल्ले खरे आहेत. देणाऱ्यांनी ते मनापासून दिलेले असतात आणि घेणाऱ्यांना त्यांचा उपयोगही होतो.

पण ते खरे असतील तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. रोजच्या जगण्यात प्रेरणा असते म्हणता, मग ज्यांच्या वाट्याला रोजचं जगणं सगळ्यात जास्त येतं त्यांच्या हातून कविता का होत नाहीत? निदान आपल्यापर्यंत का पोचत नाहीत?

हा प्रश्न मला वाळूजमध्ये राहून पडतो, आणि वाळूजमध्ये तो टाळता येत नाही. छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही औद्योगिक वसाहत. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले, आणि कारखान्यांमागून माणसं आली. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याची आली, पुढे बिहार आणि उत्तर प्रदेशातूनही आली. बजाजनगर, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजी इथे एकेका खोलीत चारचार जण राहतात. दोघं फर्स्ट शिफ्टला, दोघं नाइटला. गाद्या तेवढ्याच, माणसं बदलतात. इथे तयार झालेल्या रिक्षा देशभर धावतात आणि समुद्रापारही जातात. ती रिक्षा जोडणारा बहुतेक वेळा गाव आणि वाळूज यांच्या पलीकडे कुठे गेलेला नसतो.

विषय म्हणाल तर इथे ठासून भरलेत. एकाच गादीवर आळीपाळीने झोपणाऱ्या आणि आठवडाभर एकमेकांना नीट न भेटणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट कुणालाही सुचेल. ती त्या दोघांनाच का लिहिता येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

जात्याला ताल होता

या प्रश्नाचं एक सोपं उत्तर आपण नेहमी देतो: कष्टातून वेळ मिळत नाही. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण उत्तर नाही. कारण महाराष्ट्रातला एक फार मोठा काव्यसाठा वेळ नसलेल्या माणसांनीच निर्माण केला आहे. तोही काम थांबवून नव्हे, ऐन कामात.

जात्यावरच्या ओव्या म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं काहीतरी आठवतं आणि आपण पुढे जातो. जरा थांबून आकडा बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह काही दशकं गावोगाव फिरून हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लाखभर! रचणाऱ्यांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. पहाटे उठायचं, खुंटा धरायचा, मूठ मूठ दाणे घालायचे आणि दिवसभर कुणाला सांगता न येणारं जात्याला सांगायचं. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सीता. आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. बहिणाबाई चौधरींची कविता याच मातीतली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी त्यांच्या तोंडून निघालेलं उतरवून ठेवलं, आणि त्या गेल्यावर, 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते पुस्तक झालं.

दळणं हे सुखाचं काम होतं असं समजायचं कारण नाही. हात भरून यायचे, पाठ जायची. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार, आणि त्यात काही चुकलं नाही. ओवीसाठी जातं परत आणा म्हणणाऱ्याने आधी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी.

पण जात्यापाशी एक गोष्ट होती. दगड बाईच्या हाताने फिरत होता. ती थकली की तो मंद व्हायचा, तिला हुंदका आला की थांबायचा. ओळ लांबली तर फेरा लांबवता यायचा. समोर बसलेली जाऊ किंवा नणंद दुसरी ओळ उचलायची. कामाचा ताल तिच्या श्वासाला धरून होता, म्हणून त्यावर शब्द बसले. सासूचा धाक होता, गरिबी होती, झोप अपुरी होती; पण त्या पहाटेच्या तासाचा वेग तिच्या हातात होता.

प्रेस मशीनपुढची तत्त्वज्ञ

आता प्रेस शॉपमध्ये या. पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन्ही बटणं दाबायची, ठोका पडतो, भाग काढायचा, पुढचा पत्रा. तासाला किती ठोके पडले पाहिजेत हे फळ्यावर लिहिलेलं असतं. इथे मन भरकटलं तर बोट जातं.

1934 च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमधल्या एका कारखान्यात अशाच यंत्रांवर एक पंचवीस वर्षांची तरुणी कामाला लागली. तिचं नाव सिमोन वेल. ती तत्त्वज्ञानाची शिक्षिका होती. कामगारांविषयी ती पुष्कळ लिहीत-बोलत असे. त्यांचं जगणं आतून कळावं म्हणून शाळेतून रजा घेऊन ती कारखान्यात गेली. पुढच्या वर्षी तिने रेनोच्या मोटार कारखान्यातही काम केलं. तब्येत नाजूक, हात सावकाश, डोकेदुखी कायमची. ठरलेली संख्या पूर्ण व्हायची नाही आणि पगार कापला जायचा.

तिने ठेवलेल्या टिपणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. थकव्यापेक्षा तिला भीती वाटली ती विचार बंद पडण्याची. दिवसभर ठोके मोजल्यावर विचार न करणं हाच सोसण्याचा सोपा मार्ग वाटू लागतो, हे तिने स्वतःवर अनुभवलं. पुढे तिने एक बारीक फरक मांडला. शेतात विळा चालवणाऱ्याच्या हालचालीत अगदी छोटे विराम असतात, म्हणून ती वेगवान असली तरी देखणी दिसते. यंत्राच्या मागे धावणाऱ्या हाताला तो विरामच मिळत नाही. विराम असतो तिथे लय असते. तो काढून घेतला की उरते ती नुसती घाई. आणि कष्टकऱ्यांना भाकरीपेक्षाही कवितेची जास्त गरज असते, असं तिचं ठाम मत होतं.

वेल आणि जात्यावरची बाई एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण दोघींकडून एकच गोष्ट कळते. प्रेरणेचा तुटवडा कुठेच नसतो. ती उतरून घ्यायला लागतो तो विराम, आणि त्या विरामावर कुणाचा हक्क आहे यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं.

म्हणून 'प्रेरणा कुठे मिळते' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. 'ती कुणाला परवडते' हेही सोबत विचारायला हवं. मग हा कलेचा प्रश्न राहत नाही, न्यायाचा होतो.

रुळांवरच्या पोळ्या

आता दुसऱ्या बाजूला बघू, म्हणजे आपल्याकडे. आपल्याकडे थोडा विराम आहे, हातात फोन आहे, आणि लिहायची हौस आहे.

8 मे 2020. लॉकडाऊन चालू होता. आपल्या शहराच्या पलीकडच्या बाजूला, जालन्याच्या दिशेला, करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर पहाटे मालगाडीखाली गेले. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो दुपारपर्यंत सगळ्या देशाने पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत त्यावरच्या कवितांनी व्हॉट्सअ‍ॅप भरून गेलं. पोळी, भूक, रूळ, गाव. शब्द बहुतेक तेच, क्रम तेवढा वेगळा.

त्या कविता खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्यांना खरंच गलबलून आलं होतं. शिवाय गप्प बसणं हे काही जास्त नैतिक असतं असं नाही. त्या फोटोमुळे, त्या शब्दांमुळे कित्येकांनी पायी निघालेल्या माणसांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

तरी एक खटका राहतो. ती माणसं मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली होती, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होती, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने चालत निघाली होती. एवढ्या गोष्टीही त्यातल्या बहुतेक कवितांना लागल्या नाहीत. कवितेला पोळी पुरली. माणूस निमित्त झाला.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे इथे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. सहा जण गेले. त्यांच्यावरची एकही कविता माझ्या वाचनात आलेली नाही. तिथे पोळ्यांसारखं चित्र मिळालं नाही. जळालेली शेड सगळ्या जळालेल्या शेडसारखीच दिसते, आणि दुसऱ्या दिवशी नवीन वर्ष होतं.

फक्त चित्र शोधणारी नजर हेच करते. तिला दुःख नको असतं, दिसायला चांगलं दुःख हवं असतं. 'रोजच्या जगण्यात विषय शोधा' या सल्ल्याचा धोका इथे आहे. शोधणारा आला की समोरचा माणूस कच्चा माल होतो. वाळूजमध्ये कच्चा माल म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे: गेटमधून आत येतो, त्याच्यावर काम होतं, आणि तयार झालेल्या वस्तूवर नाव दुसऱ्याचं लागतं.

मग लिहायचंच नाही का?

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. ज्याने भोगलं त्यानेच लिहायचं असं ठरवलं तर साहित्य बंद करावं लागेल. पुरुषाने बाईवर लिहायचं नाही, शहरातल्याने गावावर लिहायचं नाही. शेवटी प्रत्येकाकडे फक्त आत्मचरित्र उरेल.

मला असं कुंपण नको आहे. मला वाटतं, आपण कुठून आलो यापेक्षा आपण किती थांबलो आणि कसे थांबलो यावर फरक ठरतो.

नारायण सुर्वे आतले होते. गिरणी कामगाराने वाढवलेलं पोर, स्वतः कामगार, शाळेत शिपाई, मग शिक्षक. 1962 साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला तेव्हा मराठी कवितेत कामगार पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने, ताठ मानेने बोलला. त्यांचा प्रश्नच वेगळा होता.

पण बाहेरच्यांनाही वाट असते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले नाटककार होते. त्या जगाविषयी दोन गंभीर वाक्यं लिहून मोकळं होणं त्यांना सहज शक्य होतं. त्याऐवजी ते ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले. पुस्तक ढसाळांचं राहिलं. तेंडुलकर दारात उभे राहून, हे घर माझं नाही, मी पाहुणा आहे, असं सांगत राहिले.

अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा चौकातल्या एका हॉटेलात खिडकीशी वर्षानुवर्षं बसत. तोच रस्ता, तीच भटकी कुत्री, फुटपाथवर इडली खाणारी तीच माणसं. त्यातून झालेलं पुस्तक 2004 साली आलं, त्यांच्या अखेरच्या वर्षी. प्रवासातून त्यांना काय मिळालं असं विचाराल तर उत्तर आहे 'जेजुरी': पुण्यापासून जवळ, एका दिवसात जाऊन येता येईल असं ठिकाण. लडाखला जायची गरज पडली नाही. पुन्हा पुन्हा पाहणं हाच त्यांचा प्रवास होता.

पुन्हा पाहायला गेल्यावर माणूस निमित्त राहत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला 'इडली खाणारी गरीब माणसं' दिसतात. शंभराव्या दिवशी त्यातली एक बाई चटणीसाठी भांडते आणि तुम्हाला हसू येतं. दया संपते तिथे ओळख सुरू होते, आणि चांगलं लिखाण ओळखीतून येतं.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे. ज्याच्यावर लिहिलं त्याच्यासमोर, त्याला समजेल अशा भाषेत, ते वाचून दाखवता येईल का? त्याने 'हे असं नसतं' म्हटलं तर खोडायची तयारी आहे का?

सुताराची झोपडी

वाळूजहून वेरूळ तासाभराच्या अंतरावर आहे. सगळे कैलास बघायला जातात आणि तो बघण्यासारखाच आहे. पण एकदा दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात वेळ काढून बसा. त्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात. दुसरं नाव 'सुतार का झोपडा', म्हणजे सुताराची झोपडी. आत बुद्धाची मोठी मूर्ती आहे, आणि वर पाहिलं की लाकडी वाशांसारख्या कमानी एकामागून एक गेलेल्या दिसतात. त्या दगडात कोरलेल्या आहेत. छत एकसंध कातळाचं आहे, त्याला वाशांची काही गरज नव्हती. पण सुतारांच्या पिढ्यांनी लाकडात जे घडवलं होतं, ते पाथरवटांनी दगडात जपलं. पुढे सुतार मंडळी त्या लेण्याला आपल्या विश्वकर्म्याचं स्थान मानून नमस्काराला येऊ लागली.

मला यात प्रेरणेचं सगळ्यात सुंदर रूप दिसतं. एका कामगाराच्या कामाकडे दुसऱ्या कामगाराने इतकं नीट पाहिलं, की ते लाकूड कुजून शेकडो वर्षं झाली तरी त्याचा आकार शिल्लक राहिला. घेतलेलं लपवलं नाही, उलट छतभर मिरवलं.

कधीतरी टूलरूममध्ये काम करणाऱ्या माणसाबरोबर वेरूळला जा. आपण मूर्तीच्या चेहऱ्यावरचे भाव बघत असतो. तो भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवतो. वरून खाली कोरत आले तर मापं कशी सांभाळली, मलबा कुठून बाहेर काढला, छिन्नीला धार कोण लावत होतं, असं विचारतो. कलेचा आस्वाद त्याला शिकवावा लागत नाही. त्याच्या हाताला माहीत असतं. त्याला तिथे यायला सुट्टी तेवढी हवी असते.

रविवार कुठून आला

आपल्याला रविवार निसर्गाने दिल्यासारखा वाटतो. तसं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एकेकाळी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांना संघटित केलं. त्यांच्या मागण्यांमध्ये रविवारची सुट्टी होती, आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही. रविवार खंडोबाचा वार, त्या दिवशी देवाला जाता यावं, समाजाचं काही करता यावं, असा तो आग्रह होता. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मला ही मागणी फार मोलाची वाटते. लोखंड्यांनी भाकरीबरोबर विराम मागितला. जात्यावर जो विराम बाईच्या हातात होता आणि यंत्राने जो काढून घेतला, तो परत मिळवण्याची ती पहिली मोठी मराठी लढाई होती. मराठी साहित्याच्या इतिहासात आपण ही तारीख लिहीत नाही. लिहायला हवी. त्या रविवारी किती भजनं म्हटली गेली, किती तमाशे पाहिले गेले, किती पत्रं गावाकडे लिहिली गेली, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

वाळूजमध्ये तो रविवार आजही सगळ्यांचा नाही. कंत्राटी कामगाराला ओव्हरटाइम नाकारणं परवडत नाही. नाकारला तर ठेकेदार पुढच्या महिन्यात बोलावेल याची खात्री नसते. ज्यांना मोठ्या पंढरपूरला जाणं जमत नाही ते आषाढीला इथल्याच छोट्या पंढरपूरला रांगेत उभे राहतात, त्यातले बरेच शिफ्ट सांभाळून आलेले असतात. आणि जो विराम हाती लागतो, कंपनीच्या बसमधली चाळीस मिनिटं, जेवणानंतरची दहा, त्यावर आता फोनचा हक्क आहे. त्यांच्याही, आपल्याही. याबद्दल कुणाला उपदेश करण्यात अर्थ नाही. बारा तास उभं राहिलेल्या माणसाने रील बघून हसावं, त्यात पाप नाही. फक्त एवढं दिसतं की यंत्राने सोडलेली फट दुसऱ्या यंत्राने भरली.

तरी त्याच फोनमध्ये काहीजण लिहितात. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, शुद्धलेखनाची पर्वा न करता. ते वाचायला मागू नका, त्यांनी दाखवलं तरच वाचा. पण ते लिहिलं जातंय हे लक्षात ठेवा.

प्रेरणा शोधायला निघालेल्या प्रत्येकाला एवढंच सांगावंसं वाटतं. तुम्हाला जे सुचलं ते कुणाच्या तरी जगण्यातून आलं आहे. त्याचं नाव घ्या, त्याच्याकडे पुन्हा जा, चुकलं तर खोडा. आणि किमान वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी हे विषय निघाले की 'हे युनियनवाल्यांचं' म्हणून उठून जाऊ नका. ते कवितेचेच विषय आहेत. ज्याच्या आयुष्यातून आपण ओळी उचलतो त्यालाही एखादा रविवार मोकळा मिळाला, तर कदाचित आपल्यापेक्षा चांगली ओळ त्यालाच सुचेल.